अफगाण चर्च: भिंतीवर न मावलेली नावं

कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये वेदीच्या भागातल्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. हवालदार आणि शिपाई यांच्याबद्दल स्मारकाचा मजकूर एवढंच सांगतो की ते इतके होते की सगळ्यांची नोंद करणं शक्य नाही. सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत, कर्तव्याचं भान ठेवून, ते आजारानं किंवा तलवारीनं मेले. यात आजार तलवारीच्या आधी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या फौजेत पटकी, हगवण आणि ताप शत्रूपेक्षा जास्त माणसं नेत, आणि मजकूर लिहिणाऱ्यानं ते लपवलं नाही. स्मारकांच्या भाषेत एवढा प्रामाणिकपणा क्वचित सापडतो.

या चर्चबद्दल एक समज घट्ट रुतून बसला आहे: पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात, जानेवारी १८४२ मध्ये, काबूलहून माघार घेताना बर्फात संपलेल्या इंग्रजी फौजेचं हे स्मारक. ती माघार खरीच भीषण होती. ६ जानेवारीला साधारण साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे, बायकामुलं, नोकरचाकर निघाले, आणि १३ जानेवारीला त्यांच्यातले जवळजवळ एकटे डॉ. ब्रायडन जखमी अवस्थेत जलालाबादच्या वेशीवर पोहोचले. पण ती फौज मुख्यतः बंगालची होती. मुंबईच्या फौजेची वाट वेगळी. १८३८च्या अखेरीस ती समुद्रमार्गे सिंधमध्ये उतरली, बोलन खिंडीतून कंदाहारला गेली, २३ जुलै १८३९ रोजी गझनीच्या हल्ल्यात होती आणि परतताना १३ नोव्हेंबरला तिनं कलात घेतलं. पुढे १७ फेब्रुवारी १८४३ला सिंधमधल्या मियानीच्या लढाईतही मुंबईच्या पलटणी होत्या. म्हणून स्मारकात सिंधचं नाव आधी येतं. लोकांच्या तोंडी मात्र अफगाणच राहिला, आणि इमारतीचं खरं नाव, सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, पाटीपुरतं उरलं.

चर्चची वस्ती मात्र युद्धाच्या आधीची. कुलाबा तेव्हा छावणीचा भाग होता, आणि तिथे आजाऱ्यांच्या बंगल्यांच्या आवारात, म्हणजे आजच्या नौदल रुग्णालयाच्या बाजूला, एक छोटं प्रार्थनाघर होतं. मुंबई बेटाशी कुलाब्याला जोडणारा कॉजवे १८३८मध्ये पुरा झाला. त्याआधी भरतीच्या वेळी कुलाबा हे शब्दशः बेट असे. नव्या चर्चसाठी सरकारनं जागा दिली ती अशा अटीवर, की बंदरात शिरणाऱ्या जहाजांना ही इमारत खूण म्हणून दिसली पाहिजे. पुढची बरीचशी कहाणी या अटीतूनच निघते. दक्षिणेकडच्या प्राँग्सच्या खडकांवर जहाजं फुटत आणि तिथलं दीपगृह यायला १८७५ उजाडलं. किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणा एका रेषेत आणून तांडेल आपली जागा ठरवतो; त्यासाठी खूण उंच हवी, टोकदार हवी आणि शेजारच्या कशाशीही तिची गल्लत होता कामा नये. घुमट चालत नाही, कारण त्याचा मध्य दुरून नेमका पकडता येत नाही. शिखर मात्र आभाळात एक बिंदू देतं. देवाला हवं असो वा नसो, या चर्चचं शिखर दर्यावर्दींना हवं होतं.

स्मारकासाठी वर्गणी जमली, आणि ऑक्सफर्डच्या गॉथिक अभ्यासकांच्या मंडळाकडून आराखडा मागवला गेला. आला तो देखणा होता, पण खर्च झेपणारा नव्हता. अखेर काम मुंबईतच असलेल्या हेन्री कॉनिबीअर यांच्याकडे आलं. हा गृहस्थ मुळात वास्तुविशारद नव्हे, अभियंता. वडील भूशास्त्रज्ञ पाद्री. इंग्लंडच्या किनाऱ्यावर सापडलेल्या प्लेसिओसॉर या सागरी प्राण्याला शास्त्रीय नाव आणि वर्णन देणाऱ्यांपैकी एक. मुलाचं मुंबईवरचं मोठं ऋण चर्चचं नाही, पाण्याचं आहे. मुंबईच्या आरोग्याची दशा सांगणारा अहवाल त्यांनी १८५२मध्ये लिहिला, आणि मिठी नदी अडवून केलेला विहार तलाव, १८५६ ते १८६०, त्यांच्याच योजनेचा. नळाचं पाणी पहिल्यांदा शहरात आलं ते तिथून. एकाच माणसाच्या टेबलावर काही वर्षं धरणाची माती आणि चर्चची कमान शेजारी शेजारी होती. अफगाण चर्चमध्ये नटवेपणा कमी आणि हिशेब जास्त का, याचं उत्तर मला तरी तिथेच दिसतं.

पायाभरणी १८४७ची. शैली इंग्लंडमधल्या तेराव्या शतकातल्या गॉथिकची: अरुंद, उंच, टोकदार खिडक्या आणि कमीत कमी नक्षी. ही निवड भक्तीची तशीच काटकसरीचीही. त्या काळच्या चर्चसुधारकांचा आग्रह होता की खरं ख्रिस्ती देऊळ मध्ययुगीन पद्धतीचंच हवं: वेदीचा भाग वेगळा, लांब आणि पूर्वेकडे; लोकांचं दालन पश्चिमेकडे; मध्ये जाळीचा पडदा. इथे वेदीचा भाग ५० फूट लांब आणि २७ फूट रुंद आहे. मुंबईतल्या आधीच्या इंग्रजी चर्चना हा नियम ठाऊक नव्हता. ती ग्रीक खांबांची नाही तर साध्या दिवाणखान्यासारखी. फोर्टात पुढे विद्यापीठ, हायकोर्ट, टपाल कचेरी यांची जी गॉथिक रांग उभी राहिली, तिचा पहिला दगड इथे बसला.

टोकदार कमानीचं गणित साधं आहे. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीला बांधलेली असते: २० फुटांचा गाळा असेल तर १० फूट चढ, त्यात सुटका नाही. टोकदार कमान दोन वर्तुळांच्या तुकड्यांनी बनते, त्यामुळे अरुंद गाळा आणि रुंद गाळा एकाच उंचीवर आणता येतात. मधलं दालन रुंद आणि बाजूच्या पडव्या अरुंद असल्या तरी माथ्याची ओळ जुळते. शिवाय कमान जितकी उभट, तितका तिचा बाजूला ढकलण्याचा जोर कमी. उरलेला जोर भिंतीला बाहेरून टेकू देणारे दगडी पुस्ते जमिनीत उतरवतात. अर्धगोल कमानीत माथ्याला चावीचा दगड असतो. टोकदार कमानीत बहुधा तो नसतो, माथ्यावर सरळ सांधाच येतो. दोन्ही बाजूंचे शेवटचे दगड एकाच वेळी, सारख्या चुन्यात बसले नाहीत तर लाकडी साचा काढल्यावर टोक एका अंगाला कलतं. ते बसवणारे हात इथल्या पाथरवटांचे आणि गवंड्यांचे. त्यांचीही नावं भिंतीवर नाहीत.

भिंतींना फिकट बदामी स्थानिक दगड आणि घडाईला पोरबंदरचा चुनखडक. दोन दगड घेण्यामागे कारण आहे. स्थानिक दगड कणखर, पाऊस झेलणारा, पण छिन्नीला दाद न देणारा. पोरबंदरचा दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, करवतीनं कापता येतो, खिडकीची बारीक कड त्यात सहज निघते. त्याचं दुखणं समुद्र. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ त्याच्या छिद्रांत शिरतं, सुकताना त्याचे स्फटिक फुगतात आणि पृष्ठभागाची साल पापडासारखी सुटते. पावसाच्या थेट माऱ्यातला भाग धुऊन तरी निघतो. जास्त खराब होतो तो छज्जाखालचा, अर्धवट ओला राहणारा.

चर्चचं समर्पण बिशप हार्डिंग यांनी ७ जानेवारी १८५८ रोजी केलं. ती तारीख दिनदर्शिकेत नीट पाहायला हवी. आठ महिन्यांपूर्वी, १० मे १८५७च्या रविवारी, मेरठला गोरे सैनिक संध्याकाळच्या उपासनेच्या तयारीत असताना उठाव पेटला होता. १५ ऑक्टोबरला मुंबईत, किल्ल्याबाहेरच्या मैदानावर, सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोघांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं होतं. नव्या चर्चच्या बाकांना बंदुका टेकवण्यासाठी खाचा आहेत त्या या भीतीतून. मेरठनंतर हिंदुस्थानातल्या छावण्यांमधले गोरे शिपाई हत्यारांसह प्रार्थनेला जाऊ लागले, आणि बंदूक जमिनीवर आडवी ठेवणं सोयीचं नव्हतं. गुडघे टेकताना ती पडू नये आणि उठताच हाताला लागावी, एवढाच त्या खाचेचा उपयोग. बाकावर बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललं होतं हे सांगायला यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही.

समर्पण झालं तेव्हा चर्चला शिखर नव्हतं. पैसे संपले होते. जहाजांसाठी घातलेली अट पुरी व्हायला आणखी सात वर्षं गेली आणि ते पैसे आले कापसातून. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईत रुपयांचा पूर आला. मनोरा आणि शिखर यांचं काम वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ यांच्याकडे होतं. देणगीदारांत पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडीमनी यांचंही नाव आहे. १० जून १८६५ रोजी १९८ फुटांचं शिखर पुरं झालं. तीन आठवड्यांनी, १ जुलैला, शेअरबाजाराच्या सौद्यांची मुदत भरली आणि शहराचं दिवाळं निघालं. काम आणखी एक पावसाळा लांबलं असतं, तर कुलाब्याला आज बहुधा बोडका मनोराच दिसला असता.

चौकोनी मनोऱ्यावर अष्टकोनी शिखर बसवायचं म्हणजे आधी चाराचे आठ करायचे. चारही कोपऱ्यांत आतून तिरप्या छोट्या कमानी टाकतात. त्या कोपरा कापतात आणि अष्टकोनाला बसायला आठ सारख्या बाजू मिळतात. मग एकेक थर किंचित आत घेत वर जायचं. शिखराची भिंत लोकांना वाटते तितकी जाड नसते. इंग्लंडमधल्या सॅलिसबरी कॅथेड्रलच्या ४०४ फुटी शिखराची भिंत वरच्या भागात ९ इंचांच्या आसपासच आहे. शंकू आपल्याच वजनानं स्थिर राहतो. धोका त्याच्या टोकाला, जिथे वजन कमी आणि वारा जास्त. म्हणून अशा शिखरांच्या माथ्याच्या दगडांतून लोखंडी गज खाली सोडून तो आत आडव्या दांड्याला ताणून बांधण्याची रीत होती. समुद्रकाठी हीच रीत उलटते. लोखंड गंजलं की कित्येक पट फुगतं आणि ज्या दगडांना धरायचं त्यांनाच उचलतं, सांधा उघडतो, पाणी शिरतं, गंज आणखी वाढतो. अशा शिखराच्या दुरुस्तीत पहिलं काम लोखंड काढून स्टेनलेस पोलाद किंवा ब्राँझ बसवण्याचं, दुसरं वीजवाहक तांब्याची पट्टी जमिनीपर्यंत अखंड आहे ना हे तपासण्याचं.

आतल्या सजावटीचा धनी विल्यम बटरफील्ड. लंडनच्या मार्गारेट स्ट्रीटवरचं ऑल सेंट्स चर्च आणि ऑक्सफर्डचं कीबल कॉलेज ही त्यांची गाजलेली कामं. वेदीमागची भिंत, पडदा, बाकं, फरशी यांचे आराखडे त्यांनी इंग्लंडमध्ये बसून काढले. रंग लावायचा नाही, रंग बांधकामातच हवा, हा त्यांचा हट्ट. म्हणून फरशीवर भूमितीची नक्षी आहे ती रंगवलेली नाही, मातीतच भरलेली आहे. अशी फरशी करताना साच्यात ओली माती दाबून नक्षीच्या जागी खोलगट खाच पाडतात, तिच्यात दुसऱ्या रंगाच्या मातीची दाट रबडी ओततात, दोन-तीन दिवसांनी वरचा थर खरवडून नक्षी उघडी करतात, मग आठवडेच्या आठवडे सावलीत वाळवून भट्टीत घालतात. अडचण आकसण्याची. माती वाळताना आणि भाजताना आकसते, आणि दोन रंगांच्या माती वेगवेगळ्या आकसल्या तर भरलेला भाग तडकून सुटून येतो. बहुतेक नासाडी याच टप्प्यावर होई. नीट जमलेली फरशी मात्र शंभर वर्षं बुटांनी घासली तरी नक्षी जात नाही, कारण ती खोलवर आहे. तिचे शत्रू दोन: अॅसिडनं केलेली सफाई आणि खालून चढणारी ओल.

पूर्व आणि पश्चिमेच्या मोठ्या रंगीत खिडक्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यांच्या कारखान्यातल्या. यात काचेचा मूळ रंग वितळवतानाच येतो. चेहरे, बोटं, वस्त्रांच्या चुण्या वरून तपकिरी रंगानं काढून पुन्हा भाजतात. मग शिशाच्या पट्ट्यांत तुकडे गुंफून, मागे आडव्या लोखंडी सळ्यांना तांब्याच्या तारेनं बांधतात. या तारा तुटल्या की पश्चिमेचा वारा काच फुगवतो आणि शिसं थकून वाकतं. पश्चिमेची खिडकी अरबी समुद्राकडे. चार महिने पावसाचा मारा ती एकटी खाते. त्या काळातल्या बऱ्याच कारखान्यांनी रंग लवकर भाजला जावा म्हणून त्यात टाकणखार (बोरॅक्स) घातला, आणि दमट हवेत तो विरघळून रंग निघून गेला. व्हिक्टोरियन खिडक्यांत चेहरा पुसलेला संत दिसला, तर त्याला हात लावण्याआधी हे आठवावं: फडक्यानं पुसलं की उरलेला चेहराही जातो.

आठ मोठ्या घंटा खूप नंतर आल्या, १९०४मध्ये, इंग्लंडमधल्या लफबरोच्या टेलर कारखान्यातून. पश्चिम हिंदुस्थानातल्या सर्वांत उत्तम म्हणून त्यांचं नाव झालं, आणि त्याला तारखेचं पाठबळ आहे. टेलरांनी १८९६पासून घंटेचे पाच अंतर्गत स्वर एकमेकांशी जुळवून लावण्याची पद्धत सुरू केली होती. आपल्या संगीताच्या भाषेत सांगायचं तर एका घंटेत मंद्र षड्ज, मध्य षड्ज, कोमल गंधार, पंचम आणि तार षड्ज असे पाच स्वर एकदम वाजतात. आधीच्या घंटांत हे पाच जण आपापल्या वाटेनं जात आणि घंटा बेसूर वाटे. सुरात आणायचं म्हणजे घंटा उलटी करून खराद यंत्रावर आतून ठराविक पट्ट्यातलं धातू खरवडायचं. धातू साधारण ७७ भाग तांबं आणि २३ भाग कथील. खरवडल्यानं स्वर उतरतो. जास्त खरवडलं तर परत चढवता येत नाही, म्हणून घंटा मुद्दाम किंचित चढी ओततात. आठ घंटा मिळून बिलावलचं सप्तक आणि तार षड्ज होतो, पण प्रत्येक घंटेच्या पोटात कोमल गंधार असतोच. शुद्ध स्वरांच्या मेळ्यातही चर्चच्या घंटा किंचित उदास का वाटतात, त्याचं कारण हे.

इंग्रजी रीतीत घंटा पूर्ण वर्तुळात झुलवतात आणि सूर वाजवत नाहीत, क्रम बदलत राहतात. आठ घंटांचे ४०,३२० क्रम होतात. ते एकही न गाळता १९६३मध्ये टेलरांच्याच कारखान्याच्या मनोऱ्यात वाजवले गेले, तेव्हा जवळजवळ अठरा तास लागले. हिंदुस्थानात ही कला रुजली नाही. पुण्याच्या पंचहौदच्या चर्चमध्ये त्यासाठीच्या आठ घंटा आहेत, इतकंच.

आता माणसं. इंग्लंडमधल्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, लोक जन्मानं आणि पत्त्यानं येत. इथे हुकमानं येत. रविवारची चर्च परेड ब्रिटिश फौजेत १९४६पर्यंत सक्तीची होती. पलटण रांगेत निघायची, कॅथलिक आणि प्रेस्बिटेरियन आपापल्या वाटेला लागायचे, उरलेले इथे. पाद्र्यांचा पगार सरकारच्या धर्मखात्यातून म्हणजे हिंदुस्थानच्या महसुलातून जाई. त्यामुळे या चर्चची मंडळी दर काही वर्षांनी बदलणारी होती: पलटण गेली की अर्धी बाकं रिकामी. टिकली ती फक्त नोंदवही. बाप्तिस्मा, लग्न, दफन अशा तीन वह्या, आणि त्यांच्या नकला लंडनला जात. मुंबई इलाख्याच्या त्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा हुद्दा किंवा धंदा आणि विधी करणाऱ्याची सही असते. भिंतीवर जागा न मिळालेला साधा शिपाई या वहीत अधिकाऱ्याच्या खालच्या ओळीत, तेवढ्याच रुंदीच्या रकान्यात बसतो. पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांना संगमरवरापेक्षा ही वही उपयोगी पडते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला, वेगवेगळे प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि हे चर्चही त्या छत्राखाली आलं. आसपासची छावणी नौदलाची झाली, दारावरून नेव्ही नगरच्या बसेस जाऊ लागल्या. उपासना चालू राहिली. २७ डिसेंबर, संत योहानाचा दिवस, हा इथला सण.

अशा इमारतीची खरी देखभाल कंटाळवाणी असते. सांधे भरायचे तर सिमेंटला हात लावायचा नाही. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि पाणी अडवणारं. ओल मग दगडातून बाहेर पडते आणि दगडाचीच साल काढते. जुना सांधा रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत हातानं कोरायचा, धूळ काढायची, आत पाणी शिंपडायचं, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू, हवी तिथे सुरकी म्हणजे विटांची पूड, असं मिश्रण थराथरानं ठासायचं आणि निदान आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवायचं. सारं काम ऑक्टोबर ते मे यात. पन्हळी आणि उतारनळ एप्रिलमध्ये साफ झाले नाहीत तर बाकी सगळा खर्च वाया जातो, कारण तुंबलेलं पाणी भिंतीच्या माथ्यातून आत उतरतं आणि ते दिसायला दोन वर्षं लागतात.

आणि शेवटी त्या न मावलेल्या नावांकडे. त्यांतली गोऱ्या शिपायांची नावं कुठल्यातरी वहीत सापडतील. मुंबईच्या फौजेत कोकणातून भरती झालेले मराठे आणि महार बाप्तिस्म्याच्या किंवा दफनाच्या वहीत कधीच येणार नव्हते. त्यांच्यातले जे परतले त्यांच्यापैकी कित्येक निवृत्तीनंतर दापोलीला राहिले. तिथे मुंबई फौजेच्या जुन्या शिपायांचा तळ होता. गावाच्या नावाआधी लोक अजून कॅम्प लावतात.